मामांना जागं ठेवून

मी शिकलो तो मामांमुळं, माझ्या आईच्या धाकट्या भावामुळं. दुष्काळात ते भूम गावाजवळ रस्त्याच्या कामावर खडी फोडत आणि मला शाळेत धाडत. पुढं मी सरकारी दवाखान्यात भूल देणारा डॉक्टर झालो आणि एक दिवस त्याच मामांना टेबलावर घ्यावं लागलं.

मधुमेहानं त्यांची पावलं बधिर झाली होती. तळव्याच्या भेगांवर आमच्याकडं तापवलेला बिब्बा लावतात, चटका बसेपर्यंत. मामांना चटका बसेचना, म्हणून ते दाबतच राहिले. कातडं जळालं, मांस सडलं, बोटं काळी पडली.

खडीच्या धुळीनं छाती निकामी झालेली, हृदय दुबळं. पूर्ण भूल दिली असती तर ते उठले नसते. सडका भाग तसाच ठेवला असता तरी वाचले नसते. म्हणून घोट्याभोवती सुया टोचून फक्त पाऊल पुरतं बधिर करायचं ठरलं. दोन बोटं जातील, आत सडलं असेल तर जास्तही, असं मी सांगितलं. त्यांनी दोन बोटं तेवढी ऐकली.

घोट्याभोवती मात्र जाणीव शाबूत होती. पहिल्याच सुईला त्यांनी वॉर्डबॉयच्या छातीत लाथ घातली. त्याला पाय दाबून धरायला लावून मी उरलेल्या सुया टोचल्या. मामा माझ्या आईवरून शिव्या देत होते. ती तुमचीच बहीण, असं सर्जन म्हणाले.

आत सगळं सडलेलं निघालं. अर्धं पाऊल काढावं लागणार होतं. करवत चालू झाली. मामांनी मान वळवून विचारलं, "कुणाचं हाड कापाया लागलेत रं?"

"तुमचंच, मामा."

त्यांची मूठ माझ्या तोंडावर बसली. ओठ फाटला. रक्त गिळत मी त्यांच्या दंडावर पडून राहिलो. सर्जननी हात थांबवला नाही. "दोन बोटं म्हनला हुतास," मामा माझ्या कानाशी म्हणत राहिले.

ते वाचले. घरी गेल्यावर ड्रेसिंगला येईनात, माझं नावही घेईनात. तेव्हा मी लिहिलं:

"आदरणीय मामांस, सप्रेम जयभीम. जखम अजून ओली आहे. ती चिघळली तर गुडघ्यापर्यंत पाय जाईल, हे आताच स्पष्ट सांगतो. रविवारी पहिल्या एसटीनं येतोय. ड्रेसिंगचं सामान आणतो. माझ्याशी बोलू नका, पण पाय पुढं करा."