दोरीवरचं लुगडं

आमची खोली राखली ती खालाने. हे आधीच सांगून टाकते. पुढचं सांगताना मी घाबरत जाते, आणि घाबरले की नेमकं जिचं नाव घ्यायचं तीच राहून जाते. माझी शाळा पाचवीत सुटली. लिहिता येतं तेवढं लिहिते आहे, घरापासून फार लांब, दुसऱ्या मुलखात बसून.

खाला म्हणजे मावशी, पण ती आमच्या नात्यातली नव्हती. पिंजाऱ्याची बाई. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, कापूस पिंजायची धनुकली तेवढी मागे राहिली. लोकांच्या गाद्या-रजया भरून ती पोट भरायची. नदीच्या पुरात आमची खोप गेली आणि आम्ही चौघं, माय, बाबा, मी आणि धाकटा भाऊ, बाजाराच्या ओट्यांवर राहायला आलो, तेव्हा ती शेजारच्या ओट्यावर आधीपासून होती.

ओट्यांना वर पत्रे होते, भिंती नव्हत्या. आठवड्यातले सहा दिवस ओटे आमचे. बाजाराच्या दिवशी उजाडायच्या आत सगळं गुंडाळून नदीकडे जाऊन बसायचं. बाजार उठला की कांद्याची टरफलं आणि मिरचीचे देठ झाडून पुन्हा अंथरायचं. मिरचीचा खाट जायचा नाही, भाऊ खोकत राहायचा. खाला तिच्याकडचा उरलासुरला कापूस फडक्यात बांधून त्याला उशाला द्यायची.

महाराष्ट्र तेव्हा नवा होता आणि जिल्हा परिषद त्याहून नवी. आमच्यासारख्यांसाठी पालिकेने स्मशानाच्या वाटेवरच्या पडीत जागेवर बारा खोल्या बांधायला काढल्या. अर्धा पैसा पालिकेचा, अर्धा वरून यायचा. वरचा थांबला की गवंडी निघून जायचा. एक अख्खा पावसाळा त्या भिंती कमरेएवढ्याच उभ्या होत्या आणि आत शेळ्या बसत होत्या. बाबा दर संध्याकाळी जाऊन बघून यायचे. माय त्यांच्या तोंडाकडे पाहायची.

अखेर छपरं चढली आणि पालिकेचा बाबू कागद घेऊन ओट्यांवर आला. त्या सगळ्यांत वाचता येणारी मी एकटी. त्याने कागद माझ्याच हातात दिला. घरात किती माणसं, नावं, नातं. खालाने स्वतःचं विचारलं, तर बाबू म्हणाला की खोल्या कुटुंबांसाठी आहेत, एकट्या माणसाचं कुटुंब होत नाही. तो पुढच्या ओट्यावर गेला तशी खाला माझ्याजवळ सरकली.

"मले तुमच्यातच लिही ना, बेटा. खाला म्हून लिहिशीन तं बाबू हासन. नुसतं म्हातारी म्हून लिही."

बाबांची ना नव्हती. माय तर म्हणाली, लिही. पण कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती आणि ती फक्त मलाच वाचता आली होती. खोटी माहिती दिली तर खोली काढून घेतली जाईल. मी ती दोनदा वाचली. मी चार माणसं लिहिली आणि कागद बाबूला देऊन टाकला.

खालाने विचारलं, लिहिलं का. मी मान हलवली, नाही म्हणून. ती थोडा वेळ धनुकलीची तात बोटाने वाजवत बसली. मग म्हणाली, "शाळेत गेल्याचा फायदा तं झाला बाप्पा."

त्यात राग होता की नव्हता, मला आजही कळत नाही.

खोली मिळाली. दहा फूट लांब, तेवढीच रुंद, कोपऱ्यात चूल, पुढे हातभर ओटा. पहिले कितीतरी दिवस माय दार लावून घ्यायची, पुन्हा उघडायची, पुन्हा लावायची. पण भाडं दर महिन्याला भरायचं होतं आणि गावात बाबांना रोज काम नव्हतं. दिवाळी झाली तसा मुकादम आला. खानदेशात धरणाचं मातीकाम होतं, उन्हाळ्यापर्यंत चालणार होतं, सगळ्या घराला काम मिळणार होतं. आणि खोलीचा नियम असा, की दोन महिने कुलूप दिसलं तर खोली यादीतल्या पुढच्याला. दुसऱ्या कुणाला आत ठेवलं तरी खोली गेली. राहायचं तर भाडं कुठून आणायचं, आणि भाड्यासाठी जायचं तर खोली जाते. बाबा दोन दिवस जेवले नाहीत.

मार्ग खालानेच काढला. किल्ली तिने मागून घेतली आणि मायला एक जुनं लुगडं ठेवून जायला सांगितलं.

"सरकारले घरातला मानूस दिसत नाई," ती म्हणाली. "त्याले धूर दिसते, अन् दोरीवरचा कपडा दिसते. तुम्ही जा."

माय दोन लुगड्यांची धनीण. त्यातलं हिरवं तिने खुंटीवर ठेवलं आणि आम्ही निघालो.

तिकडचं सांगत बसत नाही. टोपल्या वाहिल्या, बाबांचा पाय दुखावला, भावाला ताप येत राहिला. मी रोज मनात ती खालची ओळ वाचायचे. कुणी मुकादमाशी बोलताना दिसलं की वाटायचं, आमच्या खोलीचंच सांगायला आला. भाड्याचे पैसे बाबा एका ट्रकवाल्याच्या हाती खालाकडे पाठवत. ते पोचतात की नाही हेही कळत नव्हतं.

परत आलो तेव्हा ऊन तापलं होतं. दुरूनच दिसलं, दाराला कुलूप नव्हतं आणि दोरीवर हिरवं लुगडं वाळत होतं. मायने जवळ जाऊन हात लावला. ठेवून गेली तेव्हा ते जुनं होतं, तरी धड होतं. आता त्यातून पलीकडची भिंत दिसत होती. पाच-सहा महिन्यांत ते कुणी एकदाही नेसलं नव्हतं. रोज नुसतं धुतलं आणि वाळत घातलं होतं.

बाकीचं शेजारणीने सांगितलं. खाला सकाळ-संध्याकाळ यायची, आमच्या चुलीवर स्वतःची भाकर टाकायची, लुगडं धुवायची आणि निजायला बाजाराच्या ओट्यावर परत जायची. थंडीतसुद्धा. आत निजलेली सापडली तर खोली जाईल म्हणून. मध्ये कुणीतरी पालिकेत चुगली केली आणि बुलढाण्याहून जिल्ह्याचे साहेब खोल्या बघायला येणार होते, त्याआधी पालिकेचा शिपाई तपासायला आला. त्याने वाकून चुलीत हात घातला. राख गरम होती. घरची माणसं कुठे, म्हणून त्याने विचारलं. खालाने सांगितलं, बाजारात.

"अन् तू कोन वं?"

"मी कामवाली."

शिपाई हसला. "ओट्यावरच्या लोकाईले कामवाली?"

"घर भेटलं की मानूस मोठा होते, साहेब," खाला म्हणाली आणि फुंकणी उचलून चुलीशी बसली.

तो निघून गेला. खोली राहिली.

मायने तिला ठेवून घेतलं. आठ दिवस खाला आमच्याकडे निजली, दाराजवळ, भिंतीकडे तोंड करून. बाबा पालिकेत जाऊन आले. पाचवं नाव चढवता येईल का, एवढंच विचारायला गेले होते. बाबू म्हणाला, यादी वर गेली, तिच्याच हिशेबाने पैसा आला, आता नाव चढवायचं तर नवी यादी निघाल्यावर. आणि उलट विचारलं, का, कुणी राहतं आहे का तुमच्यात? बाबा हे घरी सांगत होते तेव्हा खाला दारातच भरलेल्या गादीला टाके घालत होती. टाका पुरा करून तिने दोरा दाताने तोडला, धनुकली खांद्याला लावली आणि गेली. मायने हाक मारली. बाबा खाली पाहत राहिले. मी दारात होते. मी हात धरला असता तर ती थांबली असती. मला तेव्हाही ती ओळच दिसत होती.

पुढे माझं लग्न झालं आणि मी इकडे आले, नवऱ्याच्या गिरणीच्या गावाला. इथली खोलीही भाड्याची. सकाळी उठले की आधी चुलीतल्या राखेला हात लावून बघते. दारावर थाप पडली की फटीतून बघून मगच कडी काढते. भाऊ आता लिहायला शिकला आहे. त्याचं पत्र आलं, की बाजाराचे ओटे पाडून तिथे गाळे बांधायला घेतले आहेत. खाला दर्ग्याच्या ओसरीत राहते आणि तिला आता कमी दिसतं. माय दोन्ही वेळची भाकर नेऊन देते. खोली अजून आमचीच आहे.

मी भावाला कळवलं आहे की पालिकेची नवी यादी निघाली की त्याने कागद भरू नये, मला तार करावी. गाडीभाड्याचं मी बघेन. तो कागद मीच भरणार आहे, त्याच अक्षरात, आणि खालाचं नाव सगळ्यांच्या वर घालणार आहे. नात्यापुढे काय लिहायचं ते मी ठरवलेलं नाही. बाबू हसला तर हसू दे. येताना एक हिरवं लुगडं आणीन, कोरं, आणि ते तिला नेसायला लावीन. कधी होईल ते माहीत नाही. पण करीन.