घरभेद्याची चौकशी

बऱ्हाणपुरात बेसबॉल खेळतात असं सांगितलं की बाहेरगावचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, कुणाशी? प्रश्न रास्त आहे. आमच्या एका खेळाच्या सरांनी फार वर्षांपूर्वी कुठल्याशा शिबिराहून येताना दोन बॅटी आणि पाच हातमोजे आणले, आणि क्रिकेटवाल्यांनी मैदानात उभं राहू दिलं नाही म्हणून आम्ही राजघाटाच्या वरच्या मोकळ्या जागेत खेळायला लागलो. खाली तापीवर कपडे धुणाऱ्या बायकांनी त्या बॅटी पाहिल्या आणि आमचं नाव ठरवून टाकलं: मोगरीवाले. कपडे बडवायची मोगरी आणि आमची बॅट यांत त्यांना फरक दिसत नव्हता. काही सामन्यांनंतर आम्हालाही दिसेनासा झाला.

संघालाच असं नाव पडल्यावर माणसं कशी सुटणार? आमच्यात खऱ्या नावानं कुणी कुणाला हाक मारत नाही. पहिल्या तीन डावांत भन्नाट चेंडू टाकून चौथ्या डावात अचानक गार पडणारा पिचर म्हणजे लोडशेडिंग. तोफेसारखा चेंडू फेकणारा, पण जिथं आपला माणूसच उभा नाही अशा बेसवर फेकणारा, तो पोस्टमन. पाय मोडल्यावर सगळ्यांनी ज्याचा नाद सोडला होता आणि जो दीड वर्षानं पुन्हा येऊन पहिल्याहून बरा खेळला, त्याला पीलबाग म्हणतात. केळीचा घड कापल्यावर त्याच बुंध्यातून जे दुसरं पीक घेतात, ते पीलबाग. हे नाव ठेवणारा अर्थातच केळीवाला होता. हल्ली नवी मंडळी आली आहेत, त्यांच्यात एक नेटवर्क आहे, कधी असतो, कधी नसतो.

नाव ठेवायचा आमचा एक रिवाज आहे. ज्याच्या हातून चूक होते त्याचं बारसं करायचं, आणि त्या चुकीचा फटका ज्याला सगळ्यात जास्त बसला असेल त्यानंच नाव ठेवायचं. नाव पडलेल्यानं दुसऱ्या दिवशी सगळ्यांना मावा जिलेबी खिलवायची. जिलेबी खाऊन झाली की नाव पक्कं. मग देव आला तरी बदलत नाही.

मला मात्र नाव नव्हतं. मी संघाचा कप्तान, आणि सकाळी शाळेत मास्तर. म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात, पण तो हुद्दा झाला, नाव नव्हे. बारा वर्षं मी इतरांची नावं स्कोअरच्या वहीत सुवाच्य अक्षरात लिहीत आलो आणि माझ्या हातून चूकच होत नाही म्हणून मला नाव नाही, असं मनातल्या मनात समजत आलो. माझा स्वभाव जरा तसा आहे. बायकोला विचारा.

आता घरभेद्याची गोष्ट. हा आमच्या सिंधीपुऱ्यातलाच, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, लूमच्या कारखान्यात वायरमन. फार बोलत नाही. सहा वर्षांपूर्वी खंडव्याच्या संघाशी सामना होता. शेवटचा डाव, आम्ही एका धावेनं पुढं, त्यांचे दोन गडी बाद, पण दोन गडी बेसवर टपून बसलेले. त्यांच्या फलंदाजानं चेंडू उंच मारला. डावीकडे हा धावला आणि अंग झोकून त्यानं जमिनीलगत चेंडू धरला. मैदानात एकच पंच, तोही लांब, घराजवळ. शेवटच्या बेसला आम्ही घरच म्हणतो. पंचांनी हात वर केला, आउट! आम्ही जिंकलो. घर अडवून बसतो म्हणून ज्याचं नाव उंबरठा पडलं, तो आमचा जाडा कॅचर चक्क नाचायला लागला.

आणि हा पठ्ठ्या उठला, कपडे झटकले, चेंडू घेऊन सरळ पंचांकडे चालत गेला आणि म्हणाला, "सर, टप्पा पडला होता. झेल नाही."

तोवर त्यांचे दोघेही गडी घरी पोहोचले होते. पंचांनी दोन्ही धावा दिल्या. आम्ही हरलो. खंडव्याच्या पोरांनी ह्याला खांद्यावर घेतलं, त्यामुळं तर माझं डोकंच फिरलं. फटका सगळ्यात जास्त कप्तानाला, म्हणून नाव ठेवायचा हक्क माझा. मी तिथल्या तिथं ओरडलो, "घरभेदी!" दुसऱ्या दिवशी तो जिलेबीचा पुडा घेऊन आला. कुरकुर नाही, स्पष्टीकरण नाही. प्रत्येकाच्या हातावर जिलेबी ठेवली, माझ्या हातावर दोन. तेव्हापासून तो घरभेदी, आणि घाईत असलो की नुसता भेदी. त्याचं खरं नाव हळूहळू आम्ही विसरलो. ही अतिशयोक्ती नाही, त्याचाच पुरावा पुढं आहे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी आम्ही चौघं सिंधीपुऱ्याच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीशी बसून हातमोज्यांना तेल लावत होतो. भेदी कामावर होता. पांढरी टोपी घातलेले एक साठीचे गृहस्थ आणि त्यांच्यासोबत एक तरुण असे दोघं आले. गृहस्थांनी एक नाव घेतलं, आडनावासकट, आणि विचारलं, "हा पोरगा इकडंच राहतो ना? कसा आहे सोभावानं?"

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. त्या आडनावाची सहा घरं आमच्याकडे आहेत. उंबरठ्यानं सहाही घरं बोटांवर मोजून दाखवली. तसा पोरगा एकाही घरात सापडेना. "काय काम होतं?" मी विचारलं. ते म्हणाले, "काही नाही, असंच." चौकशीला आलेला माणूस कधी सगळं सांगत नाही, हे मला कळायला हवं होतं. पण मला शहाणपण मिरवायची घाई. मी छाती काढून म्हणालो, "काका, मी इथल्या शाळेत मास्तर आहे. रोज हजेरी घेतो. गल्लीतलं पोर न् पोर मला ठाऊक आहे. या नावाचा इथं कुणीही राहत नाही."

त्यांनी टोपी सारखी केली आणि आले तसे गेले.

संध्याकाळी भेदी राजघाटावर आला तो थेट माझ्यासमोर. त्याचा चेहरा उतरला होता. "मास्तर, सकाळी कुणी आलं होतं का, माझ्याबद्दल विचारायला?"

"तुझ्याबद्दल कोण विचारणार?"

त्यानं स्वतःचं नाव सांगितलं. सबंध, आडनावासकट. चेंडू हातात होता तो मी खाली ठेवला. उंबरठ्यानं मोजलेल्या सहा घरांतलं एक त्याचंच होतं, पण तिथं राहणारा आमच्या लेखी फक्त भेदी होता.

मग सगळं बाहेर आलं. तुकईथडचं स्थळ होतं. मुलगी तिथल्या शाळेत शिकवते. दोघांची दोनदा भेट झाली होती, दोघांनाही पसंत होतं, फक्त तिचे वडील एकदा चौकशी करून जाणार होते. आणि आता मध्यस्थाचा फोन आला होता: मुलगा खोटा, पत्ता खोटा, सिंधीपुऱ्यात एक मास्तर स्वतः म्हणाला की असा कुणी नाहीच.

"अरे, मग आम्हाला आधी सांगायचं नाही का!" मी उलट त्याच्यावरच उखडलो.

"कैसे बताता?" तो म्हणाला. चिडला की तो हिंदीत शिरतो. "सांगितलं असतं तर तुम्ही त्यांच्यापुढं घरभेदी म्हणाला असता. घरभेद्याला कोण मुलगी देतो?" आणि खाली बघत म्हणाला, "मला ती फार आवडली आहे, मास्तर."

एकतीस वर्षांचा माणूस असं बोलला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याची तीन स्थळं आधीच मोडली होती. हे चौथं मी एका वाक्यात मोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकली. पोस्टमनच्या मोटारसायकलवर आम्ही दोघं तुकईथडला निघालो. भेदीनं एकच अट घातली होती: ते नाव काढायचं नाही. मी शपथ घेतली. पुरावा म्हणून मी संघाचा मोठा फोटो घेतला होता, ज्यात भेदी डावीकडून तिसरा उभा आहे. माझ्या हुशारीवर मी खूश होतो. पोस्टमन चुकीच्या फाट्यावर वळला आणि आम्ही चार किलोमीटर उलटे गेलो, पण त्याच्याकडून ते अपेक्षितच होतं.

काका अंगणात कापूस पसरत होते. त्यांनी मला लगेच ओळखलं. "या, हजेरीवाले मास्तर," म्हणाले. खाट टाकली, पाणी दिलं. चहाचं नाव नाही. आमच्या भागात चौकशीच्या घरी पाणी सगळ्यांना मिळतं. चहा मिळाला की समजायचं बोलणं पुढं सरकलं.

मी हात जोडले आणि चूक कबूल केली. मुलगा खरा आहे, पत्ता खरा आहे, आम्हीच गाढव, आम्ही खेळातल्या नावांनी हाका मारतो, असं सगळं सांगितलं आणि फोटो पुढं केला. काकांनी फोटो लांब धरून पाहिला. "हा बरोबर. हाच आला होता घरी." माझा जीव भांड्यात पडला. आणि मग त्यांनी फोटो उलटा केला.

मागं प्रत्येकाचं नाव लिहिलेलं होतं. कुणी लिहिलं होतं? मीच. सुवाच्य अक्षरात. डावीकडून तिसरा, घरभेदी.

"घरभेदी?" काकांचा आवाज बदलला. दाराआड बांगड्या वाजल्या. तिथं कुणीतरी उभं होतं. "पोराले घरभेदी म्हंता तुमी? काऊन? काय केलं त्यानं?"

पोस्टमन चप्पल शोधायला लागला. मला मात्र आता पळवाट नव्हती. मी तो सामना सांगितला, पहिल्यापासून. काकांना बेसबॉल ठाऊक नव्हता म्हणून कापसाची बोंडं अंगणात मांडून दाखवलं: हे घर, हे त्यांचे दोन गडी, इथं पंच, इथं चेंडू पडला, इथं भेदी. पंचांनी आउट दिल्यावरही तो कसा चालत गेला आणि काय म्हणाला, तेही सांगितलं.

काकांनी बोंडांवरून नजर फिरवून विचारलं, "आन् तुमी कुठं उभे होते?"

मी एक बोंड उचललं आणि भेदीच्या बोंडाजवळ ठेवलं. मी मधल्या मैदानात होतो, त्याच्या मदतीला धावत आलो होतो. दहा पावलं.

"इतके जवळ? मंग तुमाले दिसलं आसन."

सहा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. चेंडू त्याच्या मोज्याच्या पुढं पडला तेव्हा उडालेली चिमूटभर धूळ मला स्वच्छ दिसली होती. तरी "आउट!" म्हणून पहिला ओरडलो होतो तो मीच. पंचांनी हात वर केला तो त्या ओरडण्यानंतर.

"दिसलं होतं," मी म्हणालो. पोस्टमननं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मला खरोखर लाज वाटली, आणि ती त्या अंगणात लपवायला जागा नव्हती.

काका हसले. मोठ्यानं नाही, मिशीतल्या मिशीत. "मंग बरंच झालं मास्तर. माही पोरगी तुमच्या घरी नाही जाऊ राहिली." आणि दाराकडं वळून म्हणाले, "चहा ठेव वो. दूध जास्त टाक."

परत येताना पोस्टमन एकदाही चुकला नाही आणि एक शब्दही बोलला नाही. ते सगळं त्यानं राजघाटासाठी राखून ठेवलं होतं. उतरल्या उतरल्या मोटारसायकल माझ्या हाती देऊन तो पुढं पळाला, आणि मी ती लावेपर्यंत सगळ्या संघाला कळलं होतं. मी भेदीसमोर उभा राहिलो. म्हटलं, "लग्न ठरलं तुझं. आणि मला एक सांगायचं आहे. त्या दिवशी टप्पा मलाही दिसला होता."

तो म्हणाला, "माहीत आहे."

"माहीत आहे? कसं?"

"संध्याकाळचं ऊन तुमच्या पाठीमागं होतं, मास्तर. मी पडलो तेव्हा तुमची सावली माझ्या हातावर होती, चेंडूपाशी. इतक्या जवळून न दिसायला काय झालं?"

सहा वर्षं मी त्याला रोज घरभेदी म्हणून हाक मारत होतो. दर वेळी तो ओ देत होता. आणि सगळा संघ त्याच्यावर तोंडसुख घेत असतानाही त्यानं एकदाही, एका माणसालाही, माझं नाव सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, तुझं नाव आजपासून रद्द. उंबरठ्यानं लगेच हरकत घेतली, जिलेबी खाल्ली गेली आहे, आता बदलता येत नाही. भेदीही म्हणाला, राहू दे, सवय झाली आहे. "पण तुमचं बारसं बाकी आहे," तो म्हणाला. "आणि फटका मला बसला आहे. म्हणजे नाव मी ठेवणार."

त्यानं फार विचार केला नाही. बहुधा सहा वर्षांपूर्वीच केला असावा.

दुसऱ्या दिवशी मी मावा जिलेबी घेऊन गेलो आणि प्रत्येकाच्या हातावर ठेवली, त्याच्या हातावर दोन. मग स्कोअरची वही काढली आणि पहिल्या ओळीवर, बारा वर्षं रिकाम्या राहिलेल्या जागी, माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: साक्षीदार. हल्ली घाटावरून कुणी त्या नावानं हाक मारली की मी पहिल्या हाकेला ओ देतो.