सगळ्यात मोठा आकडा

आमच्या नोएडाच्या सोसायटीत संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्याकडेच असतं. मराठी घरं मोजून चार-पाच, म्हणून लिफ्टमध्ये भेटेल तिला मी बोलावते. पंजाबी, बंगाली, कुणी का असेना. तिळगूळ सगळ्यांनाच गोड लागतो.

त्या वर्षी माझ्याकडे बीपीचं नवं मशीन होतं. एका हॉस्पिटलात ब्लडप्रेशरच्या गोळीचा अभ्यास चालला होता, त्यात मी नाव घातलं होतं. दंडाला पट्टा बांधून बटण दाबलं की आकडा आपला आपण फोनमधल्या फॉर्ममध्ये जाऊन बसायचा. पुन्हा घेतलं की त्याच्याखाली आणखी एक नोंद. सूनबाई ऑफिसात असलेच फॉर्म बनवते. तिनं मला आधीच सांगून ठेवलं होतं, "आई, दिवसात कितीही वेळा घ्या. फॉर्म सगळ्या नोंदी एकत्र धरतो आणि सगळ्यात मोठा आकडा, सगळ्यात लहान आणि सरासरी काढून ठेवतो. हॉस्पिटलला आधी तेवढंच दिसतं."

आता बायकांना मशीन दिसल्यावर त्या सोडतात होय? "काकू, माझं पण बघा ना!" मग काय, ज्या ओळीनं कुंकू लावत होते त्याच ओळीनं पट्टाही बांधत गेले. आकड्यांकडे बघतंय कोण! चष्मा स्वयंपाकघरात राहिलेला. पट्टा सुटला की मी आपली "छान आहे हं" म्हणायची आणि हातावर तिळगूळ ठेवायची.

बायका गेल्या, बाहेर धुकं दाटलं, आणि हॉस्पिटलातल्या त्या अभ्यासाचं काम बघणाऱ्या मुलीचा फोन आला. "आंटी, आप ठीक हैं? सिर में दर्द? सीने में कुछ? आज आपका सबसे बड़ा नंबर बहुत ज़्यादा है."

मी फोन न ठेवताच चष्मा शोधून फॉर्म उघडला. सरासरी बघितली आणि हायसं वाटलं. "अगं, सरासरी तर किती चांगली आहे!"

सूनबाई नुकतीच ऑफिसातून आली होती. तिनं फोन माझ्या हातातून घेतला. "सरासरीचं काय घेऊन बसलात आई, इतक्या जणींच्या चांगल्या आकड्यांत एकीचा वाईट आकडा बुडून जातो. हा वरचा, सगळ्यात मोठा बघा."

वरचा एकशे ऐंशीच्या पुढे होता. फॉर्मला नावं ठाऊक नाहीत, त्याच्या लेखी त्या सगळ्या बायका म्हणजे मीच. पण माझा आकडा एवढा कधी जात नाही. म्हणजे माझ्या सोफ्यावर बसलेली कुणीतरी हा आकडा अंगात घेऊन घरी गेली होती, आणि मी तिला "छान आहे हं" म्हटलं होतं. मी त्या मुलीला फोनवर खरं काय ते सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "ढूँढिए उन्हें, आंटी. जल्दी."

सूनबाईनं एकेक नोंद उघडली. "पाचवी आहे."

मी डोळे मिटून सोफ्यावरची ओळ आठवली. पाचवी म्हणजे शेजारची पंजाबीण, तुपाशिवाय जिचा घास उतरत नाही ती. तशाच चपला सरकवून आम्ही तिच्या दारात.

"अरे दीदी, मेरा कैसे होगा? मैं तो रोज़ गोली खाती हूँ. लो, बाँध लो!" पट्टा बांधला. आकडा अगदी सरळ. "देखा? अब दो लड्डू और लाओ."

मला हसू येईना. मग कोण? सूनबाई दारातच थबकली. "आई, आज सकाळी तुम्ही तुमचं घेतलं होतं?"

"मग? न चुकता घेते."

"म्हणजे पहिली नोंद तुमची. पाचवी नोंद चौथ्या बाईची."

चौथी. समोरच्या टॉवरमधली फौजीची बायको, साताऱ्याकडची, सातवा महिना. नवरा सीमेवर, आई पुढच्या आठवड्यात यायची होती. पोर म्हणाली होती, "काकू, डोकं फार दुखतंय, बांगड्या पण रुतायला लागल्यात." आणि आम्ही काय केलं? कुणी म्हणालं तेज आलंय, कुणी म्हणालं नजर लागली. मी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या.

तिचा फोन बंद. धुक्यात समोरचा टॉवर दिसेना. सूनबाई पुढे, मी तिची ओढणी धरून मागे. लिफ्ट वरच अडकलेली, ती येईस्तोवर मी बटण दाबतच राहिले. घंटा वाजवली. आत काही हालचाल नाही. पुन्हा वाजवली, मग मी दारावर दोन्ही हातांनी थापा मारायला लागले. जे जे वाईट मनात यायचं ते सगळं येऊन गेलं.

कडी वाजली. दार धरून ती उभी होती, चेहरा सुजलेला. "काकू? डोळ्यांपुढे काजवे चमकतायत हो."

गाडीत मागे तिचं डोकं माझ्या मांडीवर. पुढची गाडी दिसत नव्हती, सूनबाई सगळे दिवे लुकलुकत ठेवून चालवत होती. "जरा पळव ना गं!" "आई, गप्प बसा, नाहीतर तिघीही जाऊ." मी एक हात तिच्या पोटावर ठेवून होते. बाळ हललं की माझा श्वास सुटायचा.

हॉस्पिटलात तिला लगेच आत नेलं. मी बाकावर बसले आणि पुन्हा त्या अभ्यासवाल्या मुलीचा फोन. बाकीच्या बायकांच्या नोंदी काढून टाकायच्या, फक्त माझी ठेवायची. मी एकेक काढत गेले. पाचवीवर मात्र बोट टेकेना. वाटलं, ही पुसली आणि आत काही झालं तर?

बऱ्याच वेळानं डॉक्टरीण बाहेर आली. प्रेशर उतरतंय, बाळाचे ठोके ठीक आहेत, पण दोघांना इथंच राहावं लागेल. मग पाचवी नोंद पुसली.

आत गेले तर ती सलाईन लावून पडली होती, दंडाला पट्टा. बांगड्या कापून काढलेल्या. मला म्हणाली, "काकू, तुम्ही 'छान आहे' म्हणालात ना, म्हणून मी फोन बंद करून झोपायलाच लागले होते."

तो पट्टा पुन्हा फुगायला लागला, आणि या वेळी मी चष्मा लावून आकड्याकडे बघत उभी राहिले.