उकिरड्यातली काच

निजामाच्या राज्यात आम्ही उमापूरला असताना गल्लीतला उकिरडा एक बाई उपसायची. नाव मी कधी विचारलं नाही. चिंध्या ती वाकळेसाठी बाजूला काढी. राख, शेण, पालापाचोळा खत म्हणून देशमुखांच्या शेतात नेई.

एकदा देशमुखांच्या केरातल्या कंदिलाच्या काचेने तिचा तळहात चिरला. तिने हाताला चिंधी गुंडाळली आणि केराची पाटी थेट त्यांच्या ओसरीवर पालथी केली.

“हे कावून टाकलंस?” देशमुख गरजले.

“तुमचंच हाय, मालक. उद्या बैलाच्या खुरात घुसंल. काच येचून द्या, बाकीचं मी नेते.”

“आधी उचल.”

ती हलली नाही. चिंधीतून रक्त गळत होतं. अखेर देशमुखीणबाईंनी खाली बसून काचा वेचल्या. मग तिने उरलेलं सगळं पाटीत भरलं. अंगणात बघत थांबलेल्या माझ्याजवळून जाताना दात आवळून म्हणाली, “घाण म्या न्हाई केली.”