बाबांच्या खिडकीवरचं हिरवं बटण

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात अंगारे-धुपारे, उतारे सगळं बंद. कोणी भुताची गोष्ट काढली की बाबा विचारायचे, "त्याले आधार कार्ड मागतलं काय?" या पानावरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर टाइमपास म्हणून वाचत आलो. आता स्वतःचाच लिहायला बसलोय... हसलात तरी चालेल.

आम्ही नागपुरात हुडकेश्वरला राहतो. समोरची खोली, स्वयंपाकघर, आणि मागे माझी कामाची खोली – एक दार, एक खिडकी, आणि उन्हाळ्यात त्या खिडकीत कूलर. गांधीबागच्या कापड व्यापाऱ्यांसाठी साड्यांच्या डब्यांची लेबलं डिझाइन करणं हा माझा धंदा. बाबा कोराडीच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला होते. रिटायर झाल्यावर त्यांचा वेळ जाईना, म्हणून मी एका जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून दिलं. ओपन सोर्स, आणि मुख्य म्हणजे वाटेल तसं बदलता येणारं. स्क्रीनवर उघडणाऱ्या प्रत्येक विंडोची चौकट, वरची पट्टी, बंद करायचं बटण... सगळं आपलं आपण काढून बसवता येतं.

हे बाबांना कळलं आणि माझं काही खरं राहिलं नाही. पट्टी दोन बोटं जाड कर. अक्षरं मोठी कर. आणि बंद करायचं बटण लाल काहून?

"बाबा, साऱ्या जगात लालच असते."

"जगानं आमचं पॅनल नाही पाह्यलं. लाल म्हंजे मशीन चालू गा. हिरवं म्हंजे बंद. जिंदगीभर हेच दिवे पाह्यले मी."

केलं हिरवं. त्यावर 'बंद' असं लिहिलं, तर तेही पसंत नाही. "बंद काय लिहितं? मानूस घरातून निघतानी काय म्हन्ते? येतो म्हन्ते." आमच्याकडे खरंच निघताना 'जातो' कोणी म्हणत नाही. तेव्हा रुंद हिरवं बटण आणि त्यावर पांढऱ्या अक्षरात 'येतो'. बाबा विंडो बंद करताना ते मोठ्यानं वाचायचे, आणि आई स्वयंपाकघरातून सवयीनं म्हणायची, "या." दोघांचा तो रोजचा खेळच झाला होता.

अडीच वर्षांपूर्वी एका सकाळी बाबांच्या छातीत कळ आली. मी शेजाऱ्यांच्या गाडीत घालून त्यांना नेलं, पण ते रस्त्यातच गेले. आई त्या वेळी चक्कीवर दळण आणायला गेली होती. परत आली तर दाराला कुलूप.

त्या दिवसानंतर आईनं उंबरठा ओलांडला नाही. मी अतिशयोक्ती करत नाहीये. लग्न नाही, तेरवी नाही, विहारात वंदनेलाही नाही. दिवसभर समोरचं दार नुसतं लोटलेलं, कडी लावायची नाही. बाबांच्या चपला तिथंच, चष्मा तिथंच. आणि तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एक डोळा जवळजवळ गेलेला, दुसऱ्यासाठी डॉक्टर घाई करत होते. ऑपरेशनच्या दोन तारखा तिनं चुकवल्या होत्या. तिसरी तारीख मिळाली, तिच्या आदल्या दिवशी दुपारी आमचं कडाक्याचं भांडण झालं.

"तुले आंधळं होऊन बसाचं आहे काय वं आई?"

"मी घरी नसतानी गेले ते. येतो म्हटलं नाही त्यायनं मले. मंग मी घर सोडून कशी जाऊ? आले अन् मी नसली तर?"

मला राग आला होता, हे कबूल करतो. बाबा गेले आणि आम्ही दोघं त्या घरात अडकून पडलो होतो – ती बाहेर जाईना, आणि तिला एकटं टाकून मला कुठं जाता येईना. रागारागात मी मागच्या खोलीत गेलो. माझा कॉम्प्युटर दुरुस्तीला दिला होता, म्हणून आठवडाभर बाबांच्याच लॅपटॉपवर काम चालू होतं. तीच जाड पट्टी, तेच हिरवं बटण. म्हटलं, या घरातली एक तरी वस्तू जागची हलवू.

भर दुपार होती, मे महिना. दार लावून घेतलं, कूलर चालू केला, सेटिंगमध्ये गेलो. चौकटींच्या यादीतून मूळची साधी चौकट निवडली आणि 'लागू करा' दाबलं.

स्क्रीन एकदा लुकलुकली. सगळ्या विंडोंच्या चौकटीच गेल्या. पट्टी नाही, बटण नाही, कडा नाहीत. चार विंडो एकीवर एक पडलेल्या, हलवता येईनात, बंद होईनात. जाणकार म्हणतील, चौकटी रेखाटणारा प्रोग्रॅम कोसळला असेल. मीही तेच म्हटलं. कीबोर्डवरून प्रयत्न केले, काही नाही. पॉवरचं बटण दाबून धरलं, मनात पंधरापर्यंत मोजलं. स्क्रीन तशीच.

मोबाइल समोरच्या खोलीत चार्जिंगला होता. तो आणायला उठलो, तर दार उघडेना. लॅच नीट फिरत होतं, पण दार जागचं हलत नव्हतं. आमचं दार पावसाळ्यात फुगतं, मे महिन्यात कधीच नाही. खांदा लावला, लाथ मारली. आईला हाका मारल्या. तिला मुळात कमी ऐकू येतं, त्यात कूलरचा आवाज. कूलर बंद करून ओरडलो, तरी काही नाही. खिडकीत कूलर घट्ट बसवलेला, बाहेरून ग्रिल. पाच मिनिटांत खोलीची भट्टी झाली. श्वास पुरेना. आई तिकडे पडली-बिडली तर मला कळणारही नाही, या विचारानं मला अक्षरशः रडू आलं.

वळून पाहिलं तर स्क्रीनवर फक्त एकच विंडो होती. आत काही नाही, कोरी. पण तिला चौकट होती – बाबांची, दोन बोटं जाड पट्टीची. कोपऱ्यात बटण होतं, त्यावर 'येतो'. आणि ते लाल होतं.

इथं एक गोष्ट नीट सांगतो. लाल बटण मी कधी बनवलंच नव्हतं. नंतर त्या चौकटीच्या सगळ्या फाइली उघडून पाहिल्या, लाल रंगाचं चित्र त्यात नाहीच. लाल म्हणजे बंद, हे साऱ्या जगाचं. पण हे जगाचं लाल नव्हतं, पॅनलवरचं होतं. चालू.

भीती वाटत होती, पण त्याहून जास्त वाटत होतं ते वेगळंच... हे दाबलं तर बाबा जातील. दोन वर्षं मी आईला नावं ठेवत होतो, आणि आता माझाच हात उचलत नव्हता. शेवटी दाबलं.

बटण हिरवं झालं, विंडो बंद झाली. मागे माझ्या चारही विंडो होत्या, सगळ्यांना बाबांची चौकट. मी दाराला हात लावला आणि ते उघडलं. जोर लावावा लागला नाही.

समोरच्या खोलीत आई उभी होती, तोंड दाराकडे.

"आई, मी इतका ओरडून राहिलो, तुले आयकू नाही आलं काय?"

"नाही बा." मग दाराकडे बोट करून म्हणाली, "आता कोन गेलं गा? येतो म्हटलं न कोनीतरी."

तीच पुढं म्हणाली, "मी म्हटलं, या." आणि तिनं हात वर करून दाराची कडी लावली. दोन वर्षांत पहिल्यांदा, दिवसाढवळ्या. बाबांच्या चपला उचलून पलंगाखाली सरकवल्या आणि चहा ठेवायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठायच्या आत ती साडी नेसून तयार बसली होती. ऑपरेशन नीट झालं. आता विहारात जाते, मावशीकडे मुक्कामाला जाते, चक्कीवरही जाते.

उन्हानं माझं डोकं फिरलं असेल, आईला डुलकी लागून स्वप्न पडलं असेल, असं बरेच जण म्हणाले. मीही स्वतःला तेच सांगून पाहिलंय. पण त्या लाल बटणाचं उत्तर ना माझ्याकडे आहे, ना मी विचारलं त्या लोकांकडे.

माझा कॉम्प्युटर केव्हाच दुरुस्त होऊन आला. लॅपटॉप मात्र मी चालूच ठेवतो, चौकट बदलायची हिंमत झालेली नाही. गांधीबागवाले भेटायला बोलावतात, मी म्हणतो, फाइल मेल करतो. हे लिहून राहिलो तेव्हाच आई बाहेर निघाली. दारातून म्हणाली, "येतो गा. तू काहून निघत नाही घरातून? सहा महिने झाले."

"काम आहे," मी म्हटलं.

तिला काय सांगू... जाताना बाबा 'येतो' म्हणून गेलेत. घरी कोणीतरी असायला नको काय?