सी विंगची टाकी शंभर टक्के

हसायचं असेल तर आताच हसून घ्या, म्हणजे मला मधे थांबावं लागणार नाही.

शेंद्र्याच्या एका कारखान्यात तेलाच्या टाक्या आहेत. कुठल्या टाकीत किती माल उरलाय ते ऑफिसातल्या स्क्रीनवर दिसेल असं करायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. वीस वर्षं करतोय. मग आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाक्या म्हणजे किस झाड की पत्ती?

त्यात मुक्ता येणार होती. माझी लेक. दोन वर्षांनी, जर्मनीहून, पाच दिवसांसाठी. फोनवर तिनं एकच मागितलं होतं. "बाबा, तिकडच्या पाण्यानं केसांची पार वाट लागलीय. घरी आले की आधी शिकेकाई लावून बादलीवर बादली घेऊन न्हाणार."

आता आपल्या संभाजीनगरात नळाला पाणी येतं तो दिवस आम्ही कॅलेंडरवर गोल करून ठेवतो, हे तुम्हाला काय सांगायचं? पण योग बघा, ती यायची त्याच गुरुवारी सकाळी पाण्याची पाळी होती. आमच्या सी विंगची टाकी भरून ठेवायची, एवढंच काम.

ए, बी, सी अशा तीन विंगच्या टाक्या आणि खालचा हौद, सगळीकडं मी मापकं बसवली. त्यांचे आकडे एका डब्यात जमा होतात, कपाटाच्या खणांत ठेवल्यासारखे. मोबाइलच्या स्क्रीनला फक्त सांगायचं, कुणाचा आकडा कुठल्या खणातून उचलायचा. मी लिहिलं: ए एक, बी दोन, सी तीन. चौथा हौदाचा, तो स्क्रीनवर घेतलाच नाही. झाकण उचललं की दिसतो.

गुरुवारी पाणी आलं, हौद भरला. आमचे वॉचमन चाँदभाई काठी घेऊन गच्चीकडं निघाले. टाकीवर काठी वाजवून पाणी कुठवर आहे ते सांगायची त्यांची जुनी पद्धत.

"चाँदभाई, काठी ठेवा आता. हे बघा, सी विंग शंभर टक्के भरलीय. आधी ए ला पाणी सोडा."

"साहेब, सी तर काल कोरडी व्हती. एक डाव वर जाऊन बघू का?"

"स्क्रीन खोटं बोलत नाही, चाँदभाई."

"व्हय साहेब," म्हणत त्यांनी पंप लावला.

ए चा आकडा दहावर बसला तो बसलाच. म्हटलं, मोठी टाकी आहे, लागेल वेळ. पण सी भराभर उतरायला लागली. शंभरची ऐंशी, ऐंशीची साठ. माझ्या लेकीचं पाणी कोण उपसतंय?

मी सी विंगमध्ये दारोदार फिरलो. देशपांडे काकू म्हणाल्या, "अरे, सकाळपासून नळाला थेंब नाही."

"काकू, पाइपात हवा अडकलीय. तोवर नळ बंद ठेवा आणि पाणी जपून वापरा."

स्वतःच्या घरी आलो तर बायको बादली घेऊन उभी. "अहो, नळ कोरडा आहे."

"सुनंदा, निदान तुझ्याकडून तरी ही अपेक्षा नव्हती," मी म्हणालो.

सी शून्यावर आली आणि नेमका तेव्हाच पंप खडखडला. हौद संपला होता. धावत खाली आलो, तर ए विंगच्या पन्हाळीतून पाणी धो धो गटारात चाललेलं. आणि फाटकाशी रिक्षा थांबून मुक्ता उतरत होती. तिला बघून पहिलं काय बोलायचं, हे मी दोन वर्षं ठरवत होतो. बोललो काय? "बेटा, पाणी नाही."

चाँदभाई हळूच म्हणाले, "साहेब, पन्हाळीखाली दोन पिंपं लावलीत मी. बेबीसाठी."

मुक्ता त्या पाण्यानं न्हाली. शिकेकाईचा वास घरभर पसरला. दोन वर्षांत आमच्या घराला तो वास नव्हता. माझे डोळे भरून आले. शिकेकाई डोळ्यांत गेली म्हणालो, तर सुनंदा म्हणाली, "न्हातेय ती."

केस वाळवता वाळवता मुक्तानं माझा मोबाइल घेतला आणि दोन मिनिटांत म्हणाली, "बाबा, हा डबा शून्यापासून मोजतो. याचा पहिला खण म्हणजे शून्य. तुम्ही एकापासून सुरुवात केलीत, म्हणून ए च्या जागी बी दिसतेय, बी च्या जागी सी, आणि सी च्या जागी हौद."

कारखान्यातला डबा एकापासून मोजतो. हा दुसऱ्या बनावटीचा. माहितीपुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलं होतं म्हणे.

"जाऊ दे गं," मी विषय बदलला. "मी मंगळवारपर्यंत रजा टाकलीय. मंगळवारी पैठणला जाऊ, धरणावर. लहानपणी जायचो तसं."

तिनं मोबाइल माझ्या हातात परत दिला. "बाबा, मी सोमवारी निघते."

"असं कसं? पाच दिवस म्हणाली होतीस." मी बोटांवर मोजून दाखवलं. शुक्र, शनी, रवी, सोम, मंगळ.

"आजचा गुरुवार धरायचा ना, बाबा. तो पहिला."

म्हणजे शून्यापासून मोजायचं तिथं मी एकापासून मोजलं, आणि एकापासून मोजायचं तिथं शून्यापासून. या कामाचा वीस वर्षं पगार घेतोय.

सोमवारी दुपारी ती गेली. संध्याकाळी नळाला पाणी आलं. मंगळवारची रजा मी तशीच ठेवली, सकाळी चाँदभाईंची काठी मागून घेतली आणि गच्चीवर जाऊन सी ची टाकी वाजवून बघितली. काठोकाठ भरली होती. खण नीट लावलेल्या स्क्रीनवरही शंभर. सगळं बरोबर, फक्त एका दिवसानं चुकलेलं.