पाडव्याच्या आधी

जवळा बाजारकडं आमच्या भागात वर्षभराच्या बोलीवर राबणारा सालगडी गुढीपाडव्याला ठरतो. माझा बाप उभा जन्म एकाच मालकाकडं सालानं राहिला, आणि त्याच्यामागं त्याचं पोरगंही आपलंच, असं तो मालक धरून चालायचा. म्हणून सत्तरच्या दशकात दरवर्षी पाडव्याच्या आधीच मी चिखलदऱ्याची वाट धरायचो. उन्हाळ्यात आणि दिवाळीनंतर थंडीत तिथल्या एका लॉजात मी खोल्या झाडायचो, पाहुण्यांना अंघोळीचं पाणी तापवून द्यायचो. पाहुणेही माजलेलेच असायचे, पण चार दिवसांत निघून जायचे. मालक कुठं जात नाही.

पावसाळ्यात डोंगर धुक्यात बुडाला की लॉज बंद व्हायचा आणि मी गावी यायचो. इकडं नेमकी निंदणी-कोळपणीची घाई. मी मुद्दाम त्या मालकाच्या बांधावर जाऊन बसायचो.

एकदा तो काखेत छत्री मारून समोर आला.

"हंगामी कामाचं काय खरं? आज हाय, उद्या न्हाई. बापावानी सालानं राहा. पोटाची तकलीफ न्हाई."

"मला न्हाई राहायचं."

"मग आता पाऊस सरंपर्यंत काय करणार?"

"काईच न्हाई," मी म्हणालो. "सालातलं एवढं तरी माझं हाय."

समोरच्या तासात बाप कोळपं धरून चालला होता. त्यानं मान वर केली नाही. फक्त बैल थांबवले, आणि मालक ओरडेपर्यंत पुढं हाकले नाहीत.